मिठाचा पहिला खडा

एका राज्यात, चैत्रातल्या एका सकाळी, ओहोटी लागलेली असताना, क्षारपुरीच्या बाजारातल्या दगडी चौथऱ्यावर पोवळी नावाची मुलगी विकली गेली. विकणारा सरदार जयकेतू, मिठागरांचा धनी. चौथऱ्याच्या पायाशी तिची आई उभी होती. तिचे नाव सोनकी, त्याच मिठागरावरची गुलाम.

त्या राज्यात गुलामांना साखळ्या नव्हत्या. विरोचन मांत्रिकाने दक्षिणेच्या मिठागरांवर मंत्र घातला होता. ज्या धन्याचे मीठ जिभेला लागे, त्याच्या हद्दीच्या शिळेपलीकडे खाणाऱ्याचे पाऊल पडत नसे. धन्याने विकले तरच ते बंधन सुटे, आणि नव्या धन्याच्या मिठाचे लागे. धनी स्वतः ते मीठ चाखत नसत. ते डोंगरातले सैंधव खात, आणि ते सैंधव उत्तरेचे व्यापारी त्यांना आनंदाने विकत.

राजा धैर्यसेनाच्या आजोबांनी ठरवून दिले होते की धवला नदीच्या दक्षिणेस गुलाम ठेवावेत, उत्तरेस ठेवू नयेत. मग एका पुरात धवलेने पात्र बदलले आणि जुन्या आणि नव्या पात्रांमध्ये काळी सुपीक जमीन उघडी पडली. तिथे नियम कोणाचा? सरदार म्हणाले, आमचा. उत्तरेचे लोक म्हणाले, आमचा. राजा म्हणाला, "पाहू." तो पाहत राहिला, आणि सरदार त्या जमिनीसाठी माणसे विकत घेत राहिले. पोवळी तिकडेच नेली गेली.

शेवटी उत्तरेच्या लोकांनी नव्या जमिनीवरच्या शिळा उपटल्या. जयकेतूने राजाचा ध्वज जाळला. युद्ध पेटले. पुढे दरबारी भाटांनी गायिले की ते युद्ध नदीवरून झाले, मानावरून झाले. ते खोटे आहे. ते माणसे विकण्यावरून झाले, आणि हे तेव्हाही सर्वांना ठाऊक होते.

मिठागराच्या बांधावर एक बोलणारी टिटवी राहत असे. ती राजाकडे उडत गेली.

"महाराज, सोनकी विचारते, हे युद्ध आमच्यासाठी आहे का?"

"तिला सांग, हे युद्ध नदीसाठी आहे."

"असंच सांगू?"

"असेच सांग."

टिटवीने तसेच सांगितले. सोनकी फावडे न थांबवता म्हणाली, "बरं. म्हणजे महाराज अजून हरायचे आहेत."

आणि राजाचे सैन्य हरत गेले. पुढे सेनापती रुद्रवर्मा मोठ्या जिद्दीने क्षारपुरीपर्यंत पोहोचला, पण तोवर शिधा संपला होता. कोठारात जयकेतूचे मीठ ढिगाने पडले होते. सोनकीने हात आडवा धरला.

"खाऊ नका, साहेब. बांधले जाल."

"बाई, शाप गुलामांना लागतो. आम्ही मोकळी माणसे आहोत," सेनापती म्हणाला, आणि सैन्य पोटभर जेवले.

सकाळी कोणाचेही पाऊल शिळेपलीकडे पडेना. बाहेर घोड्यावर बसलेला जयकेतू हसत होता. "सेनापती, कुदळ घ्या. मिठागर वाट पाहते आहे."

"मी मोकळा माणूस आहे!" रुद्रवर्मा ओरडला.

"हो," सोनकी म्हणाली. "मीही होते."

तेव्हा टिटवी खाली उतरली. "शाप मोडायचा तर तीन कामे. समुद्र आत घ्या. चौथऱ्याखाली विरोचनाने पुरलेला पहिला खडा काढा. आणि तो जिभेवर ठेवून राजाने पूर्ण वाक्य बोलावे."

पहिले काम गुलामांनी केले. भरतीच्या वेळी त्यांनी बांध फोडले, वाफे बुडाले, जयकेतूचे घोडदळ चिखलात रुतले आणि तो पकडला गेला. दुसऱ्या कामाला सेनापती वाकला. खडा हलेना. सोनकी वाकली, तरी हलेना. मग दोघांनी एकाच वेळी हात घातला, आणि खडा बोरासारखा अलगद वर आला.

तिसऱ्या कामासाठी राजाला यावेच लागले. तो चौथऱ्यावर चढला.

"वाक्य अर्धे राहिले तर?"

"तर तुम्ही जयकेतूचे," टिटवी म्हणाली.

राजा आयुष्यभर अर्धीच वाक्ये बोलला होता. त्याने सोनकीकडे पाहिले. ती त्याची कीव करीत नव्हती. त्याने खडा जिभेवर ठेवला आणि म्हणाला, "या राज्यात माणूस विकता येत नाही." थोडा थांबला. जीभ जळू लागली. "आणि आजवर विकला, तो गुन्हा होता."

खडा विरघळला. राज्यातल्या सगळ्या मिठाची चव क्षणभर गेली आणि परत आली. शिळा तडकल्या. हजारो पाय हद्द ओलांडून गेले. सोनकी सर्वांत आधी नव्या जमिनीकडे गेली, प्रत्येक शेतात पोवळीला हाका मारून एकटीच परत आली.

राज्यात सुव्यवस्था आली. चौथरा नगारखान्याला दिला. सलोख्यासाठी सरदारांना क्षमा झाली आणि जयकेतू दरबारातल्या आपल्या जुन्या आसनावर बसू लागला.

सोनकी दरबारात आली. "महाराज, पोवळी कुठे आहे?"

राजाने प्रधानाकडे पाहिले. प्रधानाने जयकेतूकडे पाहिले. जयकेतूने बोटातली अंगठी नीट केली.

आता ती रोज येते. द्वारपाल तिला "या, बाईसाहेब" म्हणतात, बसायला गालिचा देतात. ती तोच प्रश्न विचारते. पोवळी चैत्रातल्या एका सकाळी, ओहोटीच्या वेळी, भरबाजारात विकली गेली. ती कुठे आहे हे अजून कोणीही सांगितलेले नाही.