आत्याची पिशवी आणि रिकाम्या हातांचं वऱ्हाड

एका गावात सगळेच्या सगळे मानकरी होते. साधा माणूस औषधालासुद्धा नव्हता. अशा गावाचं जे व्हायचं तेच झालं, आणि ते ऐकून तुमच्याही अंगावर काटा येईल, म्हणून आधीच सांगून ठेवते.

त्या गावाची एक रीत होती. लग्नाला निघालेल्या वऱ्हाडानं हातात काही धरायचं नाही आणि मांडवात पंगत बसेपर्यंत तोंडात काही घालायचं नाही. पिशवी घेऊन गेलं तर मुलीकडचे म्हणणार, "बघा, लाडू भरून न्यायला आलेत!" घरून खाऊन गेलं तर म्हणणार, "आमच्या जेवणावर यांचा भरवसा नाही वाटतं." म्हणून हातही रिकामे आणि पोटही रिकामं. ही रीत कोणी घालून दिली कोण जाणे, पण ती मोडायची कोणाची छाती नव्हती.

मोडायची ती एकटी सगुणाआत्या, आणि तीही फक्त पिशवीपुरती. ही गावच्या पाटलांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी येऊन राहिली आणि पाटलांची पोरं तिनंच लहानाची मोठी केली. सगळं गाव तिला आत्याच म्हणायचं. कुठंही निघाली की तिच्या खांद्याला एक छोटी कापडी पिशवी असायची. त्यात सुई-दोरा, दोरीचा तुकडा, धुतलेलं फडकं, हळदीची पुडी, ओव्याची पुरचुंडी आणि तळाशी फडक्यात बांधलेला गुळाचा खडा.

बाकीचं सगळं जगासाठी होतं, पण तो गूळ तिच्या स्वतःसाठी. तिला पोट रिकामं राहिलं की घाम फुटायचा, हातपाय थरथरायचे, डोळ्यांपुढे अंधार यायचा. वैद्यबुवांनी तिला दम दिला होता, "आत्याबाई, असं झालं की क्षणाचा वेळ न लावता गूळ तोंडात टाकायचा. उशीर केलात तर मग आम्हाला बोलावू नका, कारण आमचा काही उपयोग व्हायचा नाही." हे सगळ्या गावाला माहीत होतं. पाटलांना तर पक्कं माहीत होतं, कारण वैद्यबुवा हे बोलले तेव्हा पाटील शेजारीच बसले होते.

तर पाटलांच्या मुलाचं, सयाजीचं, लग्न ठरलं. मुलगी घाटापलीकडच्या गावची. भर उन्हाळ्याचे दिवस, मुहूर्त दुपारचा. वऱ्हाड सकाळीच निघालं. नवरदेव घोड्यावर, बायका बैलगाड्यांत, पुरुष रेशमी फेटे बांधून पायी, आणि पुढे वाजंत्री. पाटलांचं लक्ष गाडीत बसलेल्या बहिणीकडे गेलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"अक्का, आज तरी ती पिशवी घरी ठेव गं. सोयऱ्यांसमोर माझी लाज जाईल."

"लाज जाईल ती परत आणता येईल. जीव गेला तर कोण आणून देणार आहे?" आत्या म्हणाली आणि पिशवी पदराखाली सारून बसली. गाडीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. एक जण तर मोठ्यानं म्हणाली, "लाडवांना जागा ठेवलीय ना आत्या?"

आणि आता गंमत ऐका. गंमत कसली, निर्लज्जपणा म्हणा!

गाव मागे पडतं न पडतं तोच नवरदेवाच्या मुंडावळ्या तुटल्या. अपशकुन, अपशकुन म्हणून आरडाओरडा. आत्यानं सुई-दोरा काढून ओवून दिल्या. सुई नवरदेवाच्या मामांनी आपल्या कोटाच्या बटणासाठी मागून घेतली, ती गवतात पडली ती पडलीच. थोड्या वेळानं ढोलवाल्याचा पट्टा तुटला, दोरी गेली. सयाजीची बहीण मंजुळा करवली होती. तिला गाडीत मळमळायला लागलं, ओवा गेला. पुरचुंडी उघडलेली दिसल्यावर ज्यांना काही होत नव्हतं त्यांनीही चिमूट चिमूट मागून घेतली, आणि रीत कुठं गेली हे कोणी विचारलं नाही. मामांना ठेच लागली. हळद गेली, फडकंही गेलं. मानाला पिशवी नको, पण पिशवीतलं सगळं हवं! आणि मागतानाचा तोरा तर काय सांगावा. "आत्या, काढा बघू काहीतरी," असं, जणू तिनं दुकान मांडलं होतं.

आत्या देत गेली. तिचा स्वभावच तसा. गूळ तेवढा तिनं कोणाला दाखवला नाही.

घाटाच्या पायथ्याशी ओढा आला. पाणी गुडघाभरच, पण भाड्यानं आणलेला घोडा जागचा हलेना. चुचकारून झालं, ओढून झालं, शिव्या घालून झाल्या. घोडेवाला म्हणाला, "मालक, ह्याला गुळाची सवय आहे. गूळ दाखवला की आगीतून जाईल."

पाटील तडक बहिणीच्या गाडीपाशी आले. "अक्का, गूळ काढ."

आत्याचा हात पिशवीवर घट्ट झाला. "सोन्यासारखा मुलगा आहे, त्याचा मुहूर्त टळावा असं मला का वाटेल? पण दुसरं काहीतरी बघ. मी सकाळपासून उपाशी आहे. हा खडा माझा जीव आहे रे."

"मुहूर्त टळला तर पोराच्या संसाराचं काय? तुझी एक चक्कर ती काय! आणि घाट उतरला की मांडवात गोडाचे डोंगर आहेत डोंगर."

"मग अर्धा घे. अर्धा राहू दे."

अर्धा घेतला. घोडा पाण्यात आला आणि मधोमध थांबून मान वळवून बघायला लागला. वऱ्हाड हसलं. पाटील चिडले, पाण्यातून परत आले आणि त्यांनी सख्ख्या बहिणीच्या हातातून उरलेला खडा काढून घेतला. हो, काढून घेतला! एवढी माणसं बघत होती, एकाच्याही तोंडून "पाटील, राहू द्या" एवढं निघालं नाही. घोडा पलीकडे गेला, पाटलांचा तळहात चाटूनपुसून मोकळा झाला. वाजंत्र्यांनी जोरात सूर धरला.

घाटमाथ्यावर ऊन भाजत होतं. मंजुळानं सहज आत्याकडे पाहिलं आणि ती दचकली. आत्याचं लुगडं घामानं भिजलं होतं. ओठ पांढरे पडले होते. तिचा हात पिशवीत काहीतरी शोधत होता. तिनं पिशवी उलटी केली, झटकली, पुन्हा आत हात घातला. मग काहीतरी बोलली, पण जीभ इतकी जड झाली होती की शब्द कळला नाही. आणि ती गाडीतच आडवी झाली.

"बाबाऽऽ! आत्या बघा कशी करतेय!"

वाजंत्री बंद पडली. पाटील धावत आले. बहिणीचे डोळे अर्धवट उघडे होते आणि त्या डोळ्यांना समोरचा भाऊ दिसत नव्हता.

"गोड! कोणाकडे काही गोड आहे का?" पाटील ओरडले. "गूळ, साखर, काकवी, काहीही!"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग सगळे आपापले खिसे चाचपायला लागले. अहो, काय निघालं म्हणता? अत्तराचा फाया निघाला, मिशीला लावायचं मेण निघालं. सोन्याची बटणं होती, मोत्यांच्या नथी होत्या, बोटाबोटांत अंगठ्या होत्या. एवढं मोठं वऱ्हाड, आणि साखरेचा एक कण नाही! मामा उगाचच टाचणी शोधावी तसे गाडीतलं गवत उपसत राहिले.

पाटलांनी काय करावं? त्यांनी स्वतःचा उजवा हात डोळ्यांसमोर धरला. ज्या तळहातावर ओढ्यापाशी गूळ होता, तो नखानं खरवडला आणि ते बोट बहिणीच्या ओठांना लावलं. पण घोड्यानं काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. तेव्हा तो एवढा मोठा माणूस गाडीचं चाक धरून खाली बसला आणि रडायला लागला.

"बाबा, बाजूला व्हा!" सयाजी म्हणाला आणि त्यानं घोड्याला टाच मारली.

घाटाखाली मुलीच्या गावच्या वेशीवर व्याही हार घेऊन उभे होते. सुवासिनी ओवाळायची ताटं घेऊन उभ्या होत्या. बघतात तर नवरदेव एकटाच, घोडा चौखूर उधळलेला, फेटा सुटून मागे फडफडतोय. ना वऱ्हाड, ना वाजंत्री. व्याह्यांच्या हातातला हार गळून पडला.

"साखर!" सयाजी ओरडला. "साखर द्या!"

कोणाला काही कळेना. पोराच्या डोक्यावर परिणाम झाला की काय? मुलीच्या आईनं तर डोळ्यांना पदर लावला. सयाजीनं घोड्यावरून वाकून ओवाळायच्या ताटातली साखरेची वाटी उचलली, शेल्यात गुंडाळली आणि आला तसा घाटाकडे उधळला. मागून व्याहीही धावत निघाले, कारण उभं राहून करायचं तरी काय?

सयाजी पोचला तेव्हा आत्याचा श्वास मंद चालला होता. तिच्या नाकाशी हात धरून मंजुळा बसली होती आणि तिला रडायचीही भीती वाटत होती. सयाजीनं गाडीवानाच्या पाण्याच्या मडक्यात बोट बुडवलं, त्याला साखर लावली आणि आत्याच्या हिरड्यांवरून फिरवलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा फिरवलं. असा किती वेळ गेला ते कोणालाच सांगता आलं नसतं.

मग आत्याच्या पापण्या हलल्या. घसा हलला. बऱ्याच वेळानं तिनं डोळे नीट उघडले, भोवती जमलेली तोंडं पाहिली आणि पुटपुटली, "मुहूर्त टळला का रे सयाजी?"

मुहूर्त टळला होता. पण त्याचं आता कोणाला काही वाटत नव्हतं. धापा टाकत आलेल्या व्याह्यांना सगळी हकिकत कळली, तेव्हा ते थक्क झाले. "पाटील," ते म्हणाले, "एवढी कर्ती-सवरती माणसं, आणि एकाच्याही कनवटीला साखरेची पुडी नाही? आम्ही लाडू मोजत बसलो असतो असं वाटलं का तुम्हाला?"



लग्न गोरज मुहूर्तावर लागलं. आत्यानं बसून का होईना, अक्षता टाकल्या. इथं गोष्ट संपायला हवी होती, नाही का? पण मानकरी माणसं कशी असतात ते तुम्हाला ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड परत निघायच्या वेळी पाटलांनी सगळ्यांना मांडवात गोळा केलं. त्यांनी सोयऱ्यांच्या गावच्या शिंप्याला सकाळपासून बसवून एक भलीमोठी मखमली पिशवी शिवून घेतली होती. तिला जरीचा काठ, घुंगरं, आत ठासून सामान. दोन गड्यांनी ती उचलून आणली.

"काल माझ्या हातून पाप झालं," पाटील हात जोडून म्हणाले. "म्हणून आजपासून अक्काची पिशवी मोठी! आता कोणालाही काहीही लागो, कधी संपायचं नाही. हा मान अक्काचा!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामांनी तर डोळे पुसले.

आत्या आ वासून बघत राहिली. तिला काल मरताना बसला नव्हता एवढा धक्का आता बसला.

"अरे, ही उचलायची कोणी?" तिनं विचारलं.

"तूच की अक्का. तुझ्याशिवाय कोणाला जमतंय?"

"मेले असते रे मी काल!" आत्याचा आवाज चढला. तिला एवढं रागावलेलं आजवर कोणी पाहिलं नव्हतं. "तुम्हाला ठेच लागेल म्हणून हळद मी वाहायची, तुमचं बटण तुटेल म्हणून सुई मी वाहायची. आणि म्हातारी मरता मरता वाचली, तर तुम्ही एवढंच शिकलात, की म्हातारीच्या खांद्याला आणखी मोठी पिशवी हवी? तुमच्या खांद्यांना काय वाळवी लागलीय?"

टाळ्या कधी थांबल्या ते कळलंच नाही. आत्यानं सुनेच्या आईकडून गुळाचा एक खडा मागून घेतला, आपल्या जुन्या पिशवीत टाकला आणि ती गाडीत जाऊन बसली.

मग पाटील खाली बसले, मखमली पिशवीची गाठ सोडली आणि आतलं सामान एकेकाच्या हातावर ठेवायला लागले. गुळाचा खडा, हळदीची पुडी, सुई, दोरा, फडकं. घेणाऱ्याकडे पिशवी नव्हती, आणि एवढं सगळं खिशात मावेना. कोणी ते उपरण्याच्या टोकाला बांधलं, कोणी पदराला गाठ मारली, मामांनी फेटा सोडून त्याच्या शेमल्यात पुरचुंडी केली. सोयऱ्यांचं अख्खं गाव रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभं राहून बघत होतं. आणि ते मानकऱ्यांचं वऱ्हाड, रेशमाला नि जरीला ठिकठिकाणी गाठी मारलेलं, खाली मान घालून त्यांच्यासमोरून घाटाकडे चालू लागलं.

तात्पर्य विचाराल, तर ते असं: अडीअडचणीची पिशवी ज्याची त्यानं वाहावी. एकाच्याच पिशवीवर सगळे विसंबले, की ती नेमकी त्याच्यावर वेळ येते तेव्हा रिकामी असते.