रंगाखालचं लोखंड

मोटारीला नमस्कार करून मगच किल्ली फिरवायचे, त्या काळातली ही गोष्ट.

रंगराव घोरपड्यांनी वडिलांची जुनी मोटार दसऱ्यासाठी आतूनबाहेरून रंगवून घेतली. पण किल्ली फिरवली की नुसतं ‘टक्’ व्हायचं.

“बॅटरीत जीव नाही,” स्टार्टर म्हणाला.

बॅटरी भडकली. “मी आजच चार्ज होऊन आलेय. तूच म्हातारा झालास!”

“माझं जरा ऐका...” सांगाड्याला बोल्टने आवळलेली अर्थिंगची वायर म्हणाली.

“तू गप्प बस!” दोघं ओरडली.

रंगराव नवा स्टार्टर आणायला निघाले. “थांबा साहेब,” मोटार बघायला आलेले उस्मान मिस्त्री म्हणाले. त्यांनी वायरचा बोल्ट सोडला. खाली नवा रंग चकाकत होता. मिस्त्री तो खरवडू लागले.

रंगराव कळवळले. “अहो, कालचा रंग आहे तो!”

“वीज ह्याच वायरने बॅटरीकडे परत येते, साहेब. रंगातून कशी येईल? इथं उघडं लोखंडच हवं.”

मिस्त्रींनी बोल्ट पुन्हा आवळला. किल्ली फिरली आणि मोटार धडधडत सुरू झाली.

“बघ, दोष माझा नव्हताच!” बॅटरी आणि स्टार्टर एकदमच म्हणाली.

वायरला आता काम होतं.