साळोजीचे उलटे पायडल

शके अठराशे बेचाळीसचा वैशाख, भर लग्नसराई. तरी साळोजी साळिंदराच्या शिंपीकामाला उतरती कळा लागली होती. समोर कोल्हीणबाईने शिवणयंत्र आणले होते. साळोजीकडे एकट्या अस्वलाचा कोट उरला होता. तो संध्याकाळपर्यंत झाला नाही, तर तोही समोर जाणार होता.

उधारीवर परकर शिवून नेलेली खार एक जुने यंत्र ओढत आली.

"माझ्या अंगावर शंभर सुया आहेत," साळोजी गुरगुरला. "तुझ्या यंत्रात किती?"

"एकच, काका. पण धावते!"

साळोजी नाइलाजाने यंत्रावर बसला. साळिंदरे शत्रूवर मागच्या मागे चालून जातात, ही त्यांची रीतच. त्याने पायडल उलटे मारले. दोरा तुटला. पुन्हा मारले, पुन्हा तुटला. खार पोट धरून हसली.

"अहो काका, याला शत्रू नका समजू, गिऱ्हाईक समजा!"

साळोजीने कपाळाला आठ्या घातल्या, यंत्राला "या, बसा" म्हटले आणि पाय दाबला. चाक सुलटे फिरले.

संध्याकाळी अस्वल नवा कोट घालून वरातीला गेले. साळोजी खारीला म्हणाला, "तुझ्या परकराची शिलाई फिटली."