रुधिरसेनाचा पश्चात्ताप

पूर्वी कृतयुगाच्या उतरत्या काळी, जेव्हा मनुष्यदेहात शिरलेल्या शत्रूला अडविणारे आत कोणीच नव्हते, तेव्हा पयोष्णी नदीच्या उत्तर तीरावर वैतसायन नावाचे थोर तपस्वी राहत असत. वेळूच्या बनांनी वेढलेल्या त्यांच्या आश्रमात प्रातःकाळी होमधूम नदीवरल्या धुक्यात मिसळून जाई आणि सामगायनाच्या स्वराने पैलतीरावरील गुराखीही क्षणभर थबकत. ऋषींची पत्नी धृतव्रता, दोन पुत्र आणि ऊर्णवती नावाची सात वर्षांची कन्या, असा त्यांचा संसार होता.

त्याच काळी अणुदंष्ट्र नावाचा असुर माजला होता. उग्र तपाने त्याने धूलिकणाहूनही सूक्ष्म होण्याची विद्या मिळविली होती. पाण्याच्या घोटाबरोबर, श्वासाबरोबर तो देहात शिरे, रक्तात वाढे आणि ज्वराच्या ज्वाळांनी तो देह आतून जाळून टाकी. एका शरदात तो आश्रमात आला. नऊ दिवसांत धृतव्रता गेली, पाठोपाठ दोन्ही पुत्र गेले. ज्यांच्या मंत्राने मेघ खाली उतरत, त्या वैतसायनांना आपल्या धाकट्या मुलाचे कपाळही थंड करता आले नाही. ऊर्णवती तेवढी मामाच्या आश्रमी गेली होती, म्हणून वाचली.

तिला तिथेच ठेवून ऋषी पर्वतावर गेले. बारा वर्षे त्यांनी एका पायावर उभे राहून तप केले. अखेर हंसारूढ ब्रह्मदेव प्रकट झाले आणि म्हणाले, "वत्सा, तुझ्या तपाने मी संतुष्ट आहे. काय हवे ते माग."

"पितामह," ऋषी म्हणाले, "मनुष्याच्या देहातच त्याचे रक्षक निर्माण करा. बाहेरचा कोणी आम्हाला वाचवू शकत नाही, हे मी पाहिले आहे."

"दिले. अस्थींच्या मज्जेत देहपाल नावाचे योद्धे जन्म घेतील. छातीच्या अस्थीमागे त्यांचे गुरुकुल असेल. आपले कोण आणि परके कोण, हे ते तिथे शिकतील. रुधिरसेन त्यांचा सेनापती होईल. देह अनेक असले, तरी प्रत्येक देहात तोच वसेल."

"एवढे मला पुरे नाही. ज्या शत्रूची खूण त्यांना एकदा पटेल, ती त्यांनी कधी विसरू नये. आणि ती खूण ज्याच्या अंगी दिसेल, त्याला त्यांनी कधी क्षमा करू नये."

ब्रह्मदेव म्हणाले, "न विसरण्याचा वर चांगला आहे. क्षमा न करण्याचा मागण्यापूर्वी पुन्हा विचार कर. ज्या योद्ध्याला थांबता येत नाही, तो युद्ध संपल्यावर कोणाशी लढणार? त्यांच्याबरोबर त्यांचा हात धरणाराही कोणी माग. मी आनंदाने देईन."

"माझ्या मुलांवर तुटून पडणाऱ्याचा हात कोणी धरला होता का?" ऋषी म्हणाले. "मला क्षमा नको, देवा. मला असुराचा नाश हवा."

"तथास्तु," ब्रह्मदेव म्हणाले. त्यांच्या मुद्रेवर प्रसन्नता मात्र नव्हती.

ऋषी परतले तेव्हा ऊर्णवती एकोणीस वर्षांची झाली होती. दर्भाच्या चटया विणण्यात तिचा हात असा बसला होता की, तिच्या चटईवर सांडलेले पाणी खाली झिरपत नसे, असे लोक म्हणत. पितापुत्री पुन्हा पयोष्णीच्या तीरी राहू लागली. पुढच्याच शरदात अणुदंष्ट्र आला आणि तिच्या कंठातून आत शिरला. परंतु या वेळी त्याच्यासमोर ताम्रवर्ण कवचे धारण केलेली, उन्मत्त गजांसारखी गर्जणारी देहपालांची सेना उभी होती. पाच दिवस संग्राम झाला. ऊर्णवतीचे अंग तापले, कंठ सुजला. पण सहाव्या दिवशी घाम फुटला आणि तिने पेज मागितली. असुर जखमी होऊन पळाला. त्या वर्षी दोन्ही तीरांवरील एकही पाळणा रिकामा झाला नाही. लोकांनी ऋषींचे पाय धुतले, आणि ऋषींनीही ते धुऊ दिले.

अणुदंष्ट्र पाताळात बसून विचार करीत राहिला. वराची हकिगत त्याला कळली होती. 'ज्याला क्षमा करता येत नाही, त्याच्याकडून चूक करविणे सोपे आहे,' हे त्याने ओळखले. ऊर्णवतीच्या हृदयाच्या द्वारांवर आणि सांध्यांवर जी नक्षी त्याने पाहिली होती, तीच त्याने आपल्या कवचावर कोरली आणि हेमंतात तो पुन्हा तिच्या कंठात उतरला. देहपालांनी त्याला घेरले. मरता मरता तो हसून एवढेच म्हणाला, "सेनापते, माझे कवच नीट पाहून ठेव!" रुधिरसेनाने ते नीट पाहून ठेवले आणि त्याचा शिरच्छेद केला.

तीन आठवड्यांनी ऊर्णवतीचे गुडघे सुजले. मग मनगटे, मग बोटे. दर्भाची काडी तिच्या हातून गळू लागली, आणि बसल्या जागी तिला धाप लागू लागली. ऋषींनी डोळे मिटून समाधी लावली, तेव्हा त्यांना तिच्या देहाच्या आतले दिसले. रुधिरसेनाची सेना कन्येच्या हृदयद्वारांवर शस्त्रे चालवीत होती.

"थांब!" ऋषी ओरडले. "शत्रू मेला आहे. हे तिचे हृदय आहे!"

सेनापतीने नमस्कार केला. "मुने, खूण शत्रूचीच आहे. त्याचे सैन्य इथे लपले आहे."

"अरे, ती माझी मुलगी आहे!"

"असेल. पण या खुणेला क्षमा करू नये, असे आपणच मागितले. थांबण्याची विद्या आम्हाला कोणी दिलेली नाही." आणि तो पुन्हा युद्धाकडे वळला.

ऋषींनी आक्रोश करून ब्रह्मदेवांना बोलाविले. "देवा, आपला वर परत घ्या!"

"एकीच्या देहातून तो काढता येणार नाही. घ्यायचा तर सर्व देहांतून घ्यावा लागेल. मग उद्या दुसरा असुर आला, तर त्याला अडविणारे आत कोणी नसेल."

"घ्या, सर्वांतून घ्या!"

काही पुराणिक हे वाक्य गाळून टाकतात आणि सारा दोष असुराच्या माथी मारतात. मला तसे करवत नाही. ऋषी हे बोलले, आणि अंथरुणावरून ऊर्णवतीने ते ऐकले.

"तात," ती म्हणाली, "पैलतीरावर या वर्षी किती मुले पाऊल टाकू लागली, पाहिलीत ना? त्यांच्या आयांना आपण काय सांगणार?"

"मी रागाच्या भरात मागितले, आणि भोगणे तुझ्या वाट्याला आले, बाळे."

"मागितले रागाने, पण मिळाले सर्वांना. ते राहू द्या."

ऋषींनी मान खाली घातली. वर राहिला.

ती आणखी चार वर्षे जगली. हृदयाची द्वारे कठीण होत गेली. आधी तिला नदीचा चढ चढवेना, मग अंगणही ओलांडवेना. पिता तिची बोटे कोमट तेलाने चोळीत बसत. वसंतातल्या एका दुपारी, ते पाणी आणायला उठले असताना, तिचा श्वास थांबला.

त्या क्षणी रुधिरसेन हृदयमंदिराची शेवटची भिंत फोडून आत शिरला. आत कोणीही नव्हते. असुर नव्हता, त्याची सेना नव्हती. चारी बाजूंना थंड होत चाललेली, आपल्याच स्वामिनीची भिंत होती. त्याच्या हातून खड्ग गळाले. "जिला राखायला जन्मलो, तिलाच मारले," असे म्हणून तो महाबाहू गुडघ्यांवर कोसळला आणि रडला.

ब्रह्मदेवांनी त्या अश्रूंपासून शमक नावाचे गण निर्माण केले. त्यांच्याजवळ शस्त्र नाही; ते फक्त क्रुद्ध योद्ध्याचा हात धरतात आणि म्हणतात, "पुरे." कन्येची चिता अजून धगधगत होती. तिच्याजवळ उभे राहून ऋषींनी विचारले, "हे आधीच का नाही दिले, देवा?"

"मी देऊ केले होते," ब्रह्मदेव म्हणाले आणि अंतर्धान पावले.

तेव्हापासून प्रत्येक देहात देहपालही असतात आणि शमकही. परंतु शमक शोकातून जन्मलेले असल्यामुळे सर्वत्र सारखे जागे राहत नाहीत. जिथे त्यांना ग्लानी येते, तिथे योद्धे आपल्याच सांध्यांवर, त्वचेवर, हृदयावर धावून जातात. वैद्य औषधाने त्यांना गुंगवितो. पण फार गुंगविले तर बाहेरचा शत्रू आत येतो, म्हणून त्यालाही जपून पाऊल टाकावे लागते.

वैतसायनांनी आश्रम सोडला. उरलेले आयुष्य ते गावोगाव फिरले. जिथे असा रोगी दिसे, तिथे ते त्याच्या उशाशी बसत. प्रत्येक जण कधी ना कधी विचारीच, "महाराज, माझ्या हातून असे काय पाप घडले?" तेव्हा वृद्ध ऋषी त्याचे सुजलेले हात आपल्या हातांत घेत आणि म्हणत, "तुझ्या हातून काही घडले नाही. चूक माझी होती."