दोन पावलं उजवीकडे

एकदा एक शिष्य आपल्या गुरूंवर फार रागावला. रागावण्यासारखंच होतं. एका फोटोवर त्याने एक वाक्य उच्चारलं, आणि त्या वाक्यापायी गुरूंनी त्याला दोन एसटी बदलून परगावी धाडलं.

गुरू म्हणजे एक वृद्ध छायाचित्रकार. उभं आयुष्य त्यांनी रस्ते, बाजार आणि प्रवासात भेटलेली माणसं टिपण्यात घालवलं. गुडघ्यांनी साथ सोडल्यावर ते घरी बसले. तेव्हापासून दर रविवारी सकाळी गावातले हौशी छायाचित्रकार आपापले फोटो छापून त्यांच्या ओसरीवर जमत. एकाने फोटो सतरंजीवर ठेवायचा आणि बाकीच्यांनी अभिप्राय द्यायचा, अशी पद्धत होती.

अभिप्राय! फोटो पाकिटातून अर्धा बाहेर येतो न येतो, तोच "वा, अप्रतिम!" म्हणणारे दोघे-तिघे तिथे हटकून असत. आपण जीव लावून काही दाखवावं आणि समोरच्याने न पाहताच कौतुक करून मोकळं व्हावं, यासारखा दुसरा अपमान नाही. पण त्यांच्याविषयी बोलू लागलो तर माझा सगळा राग इथेच खर्च व्हायचा, म्हणून त्यांना सोडून देतो.

शिष्य त्यांच्यातला नव्हता. तो खरोखर हुशार होता. दोष त्याला चटकन दिसे आणि त्यावरचं औषधही त्याच्यापाशी तयार असे. कळस कापला गेला? दोन पावलं मागे यायचं. झाड डोक्यातून उगवलंय? दोन पावलं उजवीकडे सरकायचं. ऐकणारे माना डोलावत. गुरूंच्या मागे ही बैठक तोच चालवणार, असं सर्वांनी गृहीत धरलं होतं, आणि त्यानेही.

एका रविवारी भांड्यांचा एक व्यापारी आला. पन्नाशी ओलांडलेला, अंगाने जाड, स्वभावाने भिडस्त. दुकानाचा माल पाहायला तो गावोगाव हिंडे आणि हिंडताना फोटो काढी. आठ महिन्यांत त्याने अकरा फोटो आणले होते आणि अकराही वेळा शिष्याने त्याला पावलं मोजून दिली होती. हा बारावा. फोटोत एका बाजारपेठेतला कडुनिंब, त्याखाली खुर्ची मांडून दाढी करणारा न्हावी, तोंडाला फेस लावलेलं गिऱ्हाईक, आणि न्हाव्याच्या खांद्यामागून वर गेलेला विजेचा खांब.

"हा शेवटचा," व्यापारी म्हणाला. "यातही काही जमलं नसेल, तर कॅमेरा मेव्हण्याला देऊन टाकतो. तो मागतोच आहे." हे तो हसत म्हणाला, पण फोटोवरचा हात काढायला त्याने बराच वेळ लावला.

शिष्याने एकच नजर टाकली. "शेटजी, खांब न्हाव्याच्या खांद्यात घुसलाय. किती वेळा सांगायचं? दोन पावलं उजवीकडे गेला असतात, तर काम झालं असतं!"

व्यापारी उठला. "बरं," एवढंच म्हणून त्याने चपला घातल्या आणि तो निघून गेला. फोटो सतरंजीवरच राहिला.

गुरूंनी फोटो उचलून बराच वेळ पाहिला. मग तो शिष्याच्या हातात ठेवून म्हणाले, "मागे गावाचं नाव लिहिलंय. उद्या पहिल्या गाडीने जा. तो जिथे उभा होता तिथे उभा राहा, दोन पावलं उजवीकडे घे आणि परत ये."

"कशाला, गुरुजी? सगळं फोटोत दिसतंय की."

"फोटोत खांब दिसतो. पावलं कुठे दिसतात? जा."

शिष्य गेला. पहिल्या गाडीत बसायला जागा मिळाली नाही, दुसरी वाटेत बंद पडली. गुरूंचं वय झालं आहे, असं तो वाटेत स्वतःशी दहा वेळा म्हणाला. भर दुपारी त्या बाजारात पोहोचला, तेव्हा कडुनिंब जागेवर होता, खांबही होता आणि न्हावीही. फोटो डोळ्यांसमोर धरून तो पुढे-मागे सरकत राहिला. फांदी आणि खांब फोटोतल्यासारखे जुळले, तेव्हा थांबला. मग मोठ्या निश्चयाने त्याने उजवीकडे एक पाऊल टाकलं आणि दुसरं उचललं.

"ओ दादा! कढईत उतरताय का काय?"

तो दचकून मागे झाला. पावलाभर अंतरावर भज्यांची कढई उकळत होती आणि तिच्यामागे बसलेली बाई झारा उगारून त्याच्याकडे बघत होती.

"मावशी, ही कढई रोज इथेच असते?"

"न्हाई तर काय फिरायला न्हेते तिला? ईस वर्सं झाली हितंच हाय."

त्याने तिला फोटो दाखवला. तिने तेलकट हात पदराला पुसून तो निरखला. "आगं बया, ह्यो तर त्या जाड्या शेटनं काढल्याला! सकाळधरनं उभं हुतं हितं. तीन प्लेटी भजी खाल्ली. फोटूचं मिशन वर करायचे, पुन्यांदा खाली घ्यायचे. म्या म्हनलं, आवो जावा की फुडं, इचारा त्या न्हाव्याला. तर म्हनले, नगं, त्यो रागावंल."

"राग कशाचा?" पलीकडून न्हावी बोलला. "मला वाटलं, नगरपालिकेचा मानूस हाय, खुर्ची उचलायच्या आदी फोटू काढतोय. भ्यालोच म्या. गिऱ्हाइकाचा गाल फाटंल म्हनून वस्तरा वर धरून गप हुबा ऱ्हायलो. बोलला असता, तर त्येचीबी दाढी केली असती की!"

शिष्याने पुन्हा फोटो पाहिला. न्हावी थेट कॅमेऱ्याकडे पाहत होता आणि घाबरलेला होता. फेसाआडून गिऱ्हाईकही तसंच पाहत होतं. हे सारं फोटोत पहिल्यापासून होतं, पण त्याने काल फक्त खांब पाहिला होता. त्याला लाज वाटली, आणि लाज वाटावी लागली म्हणून पुन्हा राग आला.

तो राग घेऊनच संध्याकाळी तो ओसरीवर चढला.

"घेतलीस पावलं?" गुरूंनी विचारलं.

"एक घेतलं. दुसरं उकळत्या तेलात पडलं असतं." मग मात्र त्याच्याने राहवेना. "पण गुरुजी, हे 'दोन पावलं उजवीकडे' माझं नाही! मी तुमच्याकडूनच शिकलो. माझ्या पहिल्या फोटोवर तुम्ही हेच म्हणाला होतात."

गुरूंनी विचारलं, "कुठला होता तो?"

"नदीच्या घाटावरचा."

"आणि उजवीकडे काय होतं?"

"पाणी. कमरेएवढं."

"मग तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंच नाहीत."

गुरूंनी मान खाली घातली. मग सावकाश बोलू लागले. "गुडघे धड असते तर आज मीच गेलो असतो. बाबा रे, फोटो आपल्या हातात येतो तेव्हा तिथलं ऊन, गर्दी, तेल, काढणाऱ्याची भीती, सगळं गळून गेलेलं असतं. उरतात त्या चार कडा. त्यांच्यावर बोलणं फार सोपं, मी इतकी वर्षं तेच केलं. पण काढणारा माणूस त्या कडांच्या बाहेर उभा असतो, आणि अभिप्राय त्याला द्यायचा असतो. खांबाला आपलं बोलणं कळत नाही. आधी विचारावं, कुठे उभे होतात, काय पाहून थांबलात. मग दोष सांगावा. सांगावाच, गोड बोलून टाळू नये. पण त्या जागी त्याला जे करता आलं असतं, तेवढंच सांगावं."

दुसऱ्या दिवशी शिष्य दुकानात गेला. गल्ल्याशेजारी कॅमेऱ्याचं खोकं सुतळीने बांधून तयार होतं.

"शेटजी, भजी कशी होती?"

व्यापारी चमकला. "तुम्ही गेला होतात? अहो, तिथे उजवीकडे..."

"कढई आहे. मी आधी विचारायला हवं होतं, चुकलं माझं. खांबाचं सोडा. तो न्हावी घाबरलाय. तुम्हाला नगरपालिकेचा माणूस समजला तो."

शिष्याने पुढे केलेला फोटो व्यापाऱ्याने हातात घेतला. "मला वाटलं, तो चिडलाय. काय सांगू, गिऱ्हाइकाशी दिवसभर बोलतो, पण हातात कॅमेरा आला की तोंड उघडत नाही माझं."

"मग कॅमेरा पिशवीत ठेवा आणि आधी त्याच्याकडून दाढी करून घ्या."

व्यापाऱ्याने त्याच्याकडे पाहिलं, मग खोक्याकडे. सुतळीची गाठ पक्की बसली होती, ती त्याला दातांनी सोडावी लागली.

तीन रविवारांनंतर सतरंजीवर तेरावा फोटो आला. तोच कडुनिंब, तोच न्हावी. या वेळी तो मान मागे टाकून हसत होता आणि गिऱ्हाइकाच्या नाकावर फेस उडाला होता. "वा, अप्रतिम!" नेहमीचे लोक म्हणाले. एक नवा, चुणचुणीत सभासद पुढे वाकला. "पण हा खांब तेवढा खटकतो. दोन पावलं उजवीकडे..."

"तिकडे कढई आहे," शिष्य म्हणाला, आणि व्यापाऱ्याकडे वळला. "शेटजी, न्हावी एवढा हसला कशाला?"

व्यापारी सतरंजीवर पुढे सरकून बसला.