वरून येणारा निरोप

फार फार मागे, इतकं मागे की तेव्हा समुद्राला नावही नव्हतं, त्याच्या अगदी तळाशी एक वस्ती होती. उजेड तिथे कधी पोचलाच नव्हता. सगळा कारभार चाचपून चाले.

वस्तीजवळ तळ फाटून एक धुराडं उभं राहिलं होतं. त्यातून उकळतं पाणी आणि काळा धूर सतत वर जाई. वरून मात्र पांढरा भुगा भुरुभुरु खाली येई. तेच सगळ्यांचं अन्न. त्याला ते ‘निरोप’ म्हणत. वरचे कुणी दयाळू लोक आपल्याला ‘खा हो’ असा निरोप धाडतात, अशी त्यांची भाबडी समजूत.

त्या वस्तीत एक खेकडीण होती. मागच्या खेपेला धुराडं एकदम फसफसलं आणि तिच्या पोटाशी असलेली अंडी जागच्या जागी शिजून गेली. आता पुन्हा पोटाशी अंडी होती. धुराडं जरा गुरगुरलं की ती पाय आखडून बसे. हसू नका तिला. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे.

एके दिवशी तळ हादरला. खेकडिणीने वस्ती गोळा केली.

“हे धुराडं आजच बुजवायचं. नाहीतर माझी पिल्लं वाचायची नाहीत, आणि तुमचीही!”

“अगं, घर हलव,” म्हातारी कोळंबी म्हणाली. “धुराडं बुजवू नको. तो धूर वर कुणाला लागत असेल.”

“वरचं वरचे बघतील, आजी. दृष्टीआड सृष्टी!”

भीतीला सोबती फार लवकर मिळतात. सगळ्यांनी दगड लोटले, चिखल थापला. गुरगुर थांबली. त्या दिवशी खेकडीण कितीतरी दिवसांनी पाय पसरून झोपली.

आणि पुढे निरोप असा पडू लागला की विचारू नका! “वरचे आपल्यावर खूश झाले,” म्हणत सगळे तुटून पडले. खेकडीणही खात होती. तेवढ्यात तिच्या नांगीला भुग्याऐवजी अख्खा मासा लागला. तिने चाचपलं. पोट खपाटीला गेलेलं. शेजारी दुसरा, तसाच. पलीकडे तिसरा. ती खायची थांबली आणि कोळंबीकडे धावली.

“आजी, हे उपाशी मेलेत. निरोप म्हणजे नक्की काय गं?”

“जाणारा घेतो तो निरोप, बाई,” कोळंबी म्हणाली. “वर जो मरतो त्याचा भुगा आपण खातो. आपल्या धुरातलं चिमूटभर लोखंड वर पोचतं, त्यावर तिथलं हिरवं शेवाळ वाढतं, त्या हिरव्यावर मासे जगतात. माझी आजी सांगायची. मी तेव्हाच ठासून बोलायला हवं होतं.”

मग मासे पडायचेही थांबले. वरून काहीच येईना. वरची ती शांतता गुरगुरण्याहून भयंकर होती. धुराडं उघडायला कुणी धजेना, कारण आत कोंडलेलं पाणी दगडांना धडका देत होतं.

“बुजवायला तूच सांगितलंस, आता तूच उघड,” सगळे म्हणाले.

अंडी पोटाला चिकटलेली, कुणाकडे ठेवून जायची सोय नाही. जावं तर पिल्लं शिजणार, न जावं तर जन्मून उपाशी मरणार. शेवटी ती गेली. धुराड्याकडे पाठ करून मागच्या पायांनी एकेक दगड ओढू लागली. शेवटचा दगड उडाला तेव्हा तिची पाठ भाजली आणि निम्मी अंडी गेली.

धूर वर निघाला. पण वरचं हिरवं काही एका दिवसात उगवत नाही. भुगा पुन्हा पडेपर्यंत वस्तीतली कितीतरी घरं ओस पडली. म्हातारी कोळंबीही गेली.

वाचलेली पिल्लं मोठी झाली. एकदा त्यांनी विचारलं, “आई, आम्ही एवढीच होतो का गं?”

“नाही रे बाळांनो,” खेकडीण म्हणाली. “तुमच्याएवढीच आणखी होती.”

बोध: ज्याची भीती वाटते ते बुजवण्याआधी, त्यावर कुणाकुणाचं पोट चालतं ते विचारावं.