केरबा मास्तरांच्या चार गाठी

एका गावात एक भोळा मास्तर होता. नाव केरबा. भोळा किती? 'बसा' म्हटलं की बसायचा, आणि 'उठा' म्हणायला तुम्ही विसरलात तर दुसऱ्या दिवशी तिथंच सापडायचा. पण खोटं कधी बोलायचा नाही. आणि त्याच्याकडे सायकल होती.

गाव एका लहानशा संस्थानातलं. संस्थानात हायस्कुलं तीन. एका शाळेत सगळी पोरं पास व्हायची. दुसऱ्या शाळेत सगळी नापास. तिसऱ्या शाळेत हेडमास्तरांच्या घरी कोण दूध घालतं त्यावर ठरायचं. दिवाणसाहेब वैतागले. म्हणाले, "शाळा संपवून बाहेर पडणाऱ्या पोराला काय आलंच पाहिजे ते एकदा ठरवा. तिन्ही शाळांना एकच परीक्षा. पास होईल त्याला माझ्या सहीचा दाखला."

काम आलं म्हाताऱ्या तात्यांकडे. तात्या जुने हेडमास्तर, डोकं तल्लख, पण गुडघे धरलेले. मग गावोगाव फिरून प्रश्न आधी आजमावून बघणार कोण? ज्याच्याकडे सायकल आहे तो.

इकडे राघू गिरणीवाल्याची अनशी दिवस मोजत होती. तिला मोठ्या गावच्या दवाखान्यात नर्स व्हायचं होतं. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी दाखला घेऊन हजर व्हायचं, नाहीतर जागा गेली. राघू म्हणाला होता, "दाखला मिळाला तर खुशाल जा. नाही मिळाला तर गिरणीवर बस आणि पीठ झाड." पोरीचं सगळं नशीब आता केरबाच्या सायकलवर. देवा रे!

केरबा पहिल्या शाळेत गेला. फळ्यावर प्रश्न लिहिला, 'सायकलचं पंक्चर कसं काढाल?' दत्तू नावाच्या पोरानं चार पानं लिहिली, आकृतीसकट. केरबानं पैकीच्या पैकी गुण दिले. परतताना वेशीवरच चाकात बाभळीचा काटा घुसला. केरबानं दत्तूला हाक मारली. दत्तूनं चाकाभोवती दोन चकरा मारल्या आणि म्हणाला, "मास्तर, कागद द्या, लिहून देतो."

केरबा तीन कोस सायकल ढकलत आला. तात्यांनी तपकिरीची चिमूट ओढली.

"अरे केरबा, नुसतं लिहून काय कळतंय? करून दाखवायला लावायचं!"

"ध्यानात ठेवतो, तात्या," केरबा म्हणाला. त्यानं उपरण्याला एक गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी गेला अनशीच्या शाळेत. तिथला प्रश्न होता, 'गावात आग लागली तर काय कराल?' पोरांनी पाट्या काढल्या. केरबानं गाठ चाचपली. म्हणाला, "लिहायचं नाही. करून दाखवायचं." आणि बाहेर जाऊन पाटलाच्या कडब्याच्या गंजीला काडी लावली.

पोरं मात्र गुणाची हो! आडापासून रांग लावली, बादल्या पुढं सरकवल्या. सगळ्यांत पुढं अनशी. एका पोराचा हात भाजला, तर तिनं ओढणी फाडून तिथल्या तिथं पट्टी बांधली. आग विझली. अर्धी गंजी तेवढी गेली. पाटील काठी घेऊन धावत आले. केरबानं वहीत लिहिलं, "पाटील, नापास. बादली आणली नाही."

पाठ सुजवून केरबा तात्यांकडे आला. तात्यांनी चिमूट ओढली.

"अरे शहाण्या, आधी लोकांना सांगायचं! परीक्षेत काय येणार ते सगळ्यांना आधी कळलं पाहिजे. लपूनछपून काही करायचं नाही."

"ध्यानात ठेवतो, तात्या." दुसरी गाठ.

तात्यांनी आता गणिताचा पेपर काढून दिला. केरबा तडक गेला दवंडीवाल्याकडे. बाजारचा दिवस. डफ वाजला, "ऐका हो ऐका! गिरणीत तासाला अठरा पायल्या ज्वारी दळते, तर दोन तास वीस मिनिटांत किती? उत्तर बेचाळीस होऽऽ!"

तीन दिवस संस्थानात दुसरं काही ऐकू येईना. वांगी कशी दिली विचारलं तरी बाया म्हणायच्या, बेचाळीस. शेरडामागची पोरं ओरडायची, बेचाळीस. खुद्द वाड्यावर दिवाणसाहेबांच्या कानावरही गेलं.

तात्यांनी तो पेपर टराटरा फाडला. नवा लिहिला, पाकिटात घातला, वर लाख ओतली. चिमूट ओढायलाही थांबले नाहीत.

"हा पेपर कुणाच्या बापालाही दाखवायचा नाही! कळलं?"

"कळलं, तात्या." तिसरी गाठ.

परीक्षेचा दिवस उजाडला. तिन्ही शाळांची पोरं एका पडवीत येऊन बसली. वेळ तीन तास. केरबानं पाकीट टेबलावर ठेवलं आणि त्यावर उघडी छत्री धरून शेजारी बसला.

अर्धा तास गेला. अनशी म्हणाली, "मास्तर, पेपर?"

"आहे की. सुखरूप आहे."

"मग द्या ना."

"तुझा बाप आला तरी दाखवणार नाही."

एक तास गेला. पोरं टाकानं माशा मारू लागली. अनशीच्या डोळ्यांत पाणी आलं. समोर गिरणीचा पट्टा फिरताना दिसायला लागला तिला. मग डोळे पुसले, उठली आणि अनवाणी धावत सुटली. तात्यांना बैलगाडीत घालून आणेपर्यंत दोन तास झाले होते. तात्यांनी छत्री बाजूला फेकली, लाख फोडली. उरलेल्या एका तासात पोरांनी जे लिहायचं ते लिहिलं.

आता तपासणी. तात्यांनी खोल श्वास घेतला, मग चिमूट ओढली.

"केरबा, नीट ऐक. तपासताना नाव झाकायचं. पोरगं पाटलाचं की गड्याचं, बघायचं नाही. ज्याला आलं तो पास, नाही आलं तो नापास. मग तो कुणी का असेना!"

"ध्यानात ठेवतो, तात्या." चौथी गाठ.

आणि खरं सांगते, या वेळी त्यानं सगळं नीट केलं. एकोणीस पोरं पास. अनशी पहिली. तात्यांना वाटलं, सुटलो बुवा! इथंच चुकलं त्यांचं.

रविवारी समारंभ झाला. पताका लावल्या, हार आणले. दिवाणसाहेब गादीवर बसले. दाखल्यांची चळत समोर आली, साहेबांनी टाक दौतीत बुडवला. केरबानं चौथी गाठ चाचपली.

"थांबा, साहेब. गिरणीत तासाला पंधरा पायल्या ज्वारी दळते, तर दोन तास वीस मिनिटांत किती?"

दिवाणसाहेब हसले. ऐटीत म्हणाले, "बेचाळीस!"

"कसं काढलंत?"

"दवंडी ऐकली होती."

"पस्तीस," केरबा म्हणाला. "साहेब, तुम्ही नापास. नापास माणसाची सही पास झालेल्यांच्या दाखल्यावर कशी चालेल?"

त्यानं टाक साहेबांच्या हातातून अलगद काढून घेतला. तात्यांच्या हातून तपकिरीची डबी पडली. दिवाणसाहेब लालबुंद झाले, घोड्यावर बसले आणि निघून गेले. केरबानं मागून हाक मारली, "साहेब, पुढच्या वर्षी बसा पुन्हा!"

मग सही कोण करणार? जी पहिली आली ती. केरबानं अनशीला गादीवर बसवलं. ती नको नको म्हणत होती, पण सोमवार दुसऱ्याच दिवशी होता, बिचारी काय करणार? एकोणीस सह्या केल्या तिनं. एक स्वतःच्या दाखल्यावरही.

सोमवारी केरबा तिला घेऊन दवाखान्यात गेला. मेट्रनबाईंनी चष्मा लावून दाखला वाचला.

"परीक्षा कोणी दिली?"

"मी," अनशी म्हणाली.

"आणि ही सही कोणाची?"

"माझीच."

मेट्रनबाईंनी दाखला परत सरकवला. "असला कागद मला चालणार नाही. हिला काही येतं की नाही, मला कसं कळणार?"

अनशीचा चेहरा उतरला. केरबानं पहिली गाठ चाचपली. "करून दाखवायला लावायचं," म्हणाला, टेबलावरचा चाकू उचलला आणि स्वतःच्या अंगठ्यावर फिरवला.

"अगं बाई!" मेट्रनबाई ओरडल्या. पण अनशी घाबरली नाही. अंगठा धुतला, दाबून धरला, हात वर करायला लावला, कापूस ठेवून पट्टी बांधली. रक्त थांबलं. मेट्रनबाई बघतच राहिल्या. त्यांनी प्रवेशाचा कागद पुढं ओढला. म्हणाल्या, "पोरी, तुला घेतलं." आणि सहीसाठी टाक उचलला.

केरबानं चौथी गाठ चाचपली.

"थांबा, बाई. गिरणीत तासाला पंधरा पायल्या..."

अनशीच्या हातात पट्टीचं भेंडोळं अजून होतं. तिनं ते केरबाच्या तोंडावरून तीन वेळा फिरवलं आणि मागं घट्ट गाठ मारली.

मेट्रनबाईंनी वाकून पाहिलं. "ही पट्टी पहिलीपेक्षा चांगली बांधलीस," म्हणाल्या, आणि सही केली.